पुजलेला पाना

बेळगावच्या शहापुरात माझ्या थोरल्या भावाचं, अण्णांचं, मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दसऱ्याच्या पहाटे बेळगाव ते निपाणी मोटरसायकलींची शर्यत निघायची. तेव्हा अमेरिकन गाड्या लालभडक असायच्या आणि लोक त्यांना हार घालायचे.

एका खंडेनवमीला मी अण्णांची हत्यारं पुजून ठेवली होती. संध्याकाळी एक तरुण वकील आपली अमेरिकन गाडी घेऊन आले. पुढच्या चाकाचा नट ढिला झाला होता. अण्णा पाना उचलायला वाकले, तोच मी त्यांचा हात धरला. “अण्णा, पुजलाय न्हवं त्यो? उद्यापतोर हात लावू नका.” मीच मोठी आली शास्त्र सांगणारी! अण्णांनी नट बोटांनीच आवळला.

दुसऱ्या दिवशी शर्यतीत, तवंदीच्या घाटात चाक निखळलं. वकील जागीच गेले.

पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत सांबऱ्याच्या विमानतळावर आलेल्या अमेरिकन गाड्या मातकट हिरव्या होत्या. लढाई संपली तशा त्या भंगारात निघाल्या. अण्णांनी एकीलाही हात लावला नाही. “नट मीच आवळलेला,” एवढंच ते मरेपर्यंत सांगत राहिले. त्यांचा हात कुणी धरला होता, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही नाही.