साडूंचा खांदा आणि नातीचा अंतरपाट

रायपुरात मराठी माणसं कमी होऊन राहिली असं म्हणतात, पण अडेल माणसांचा तुटवडा पडू नये म्हणून देवाने आमच्या साडूंना शंकर नगरात बसवून ठेवलं आहे. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. वीज खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले, पण साहेबी काही निवृत्त झाली नाही. अंगाने ताडासारखे उंच, म्हणून आपल्या लोकांच्या कुठल्याही लग्नात अंतरपाटाचं एक टोक धरायचा मान आपलाच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. न बोलावता पुढे होत आणि कापड असं ताणून धरत की लग्न नवरा-नवरीचं नसून त्या कापडाचंच आहे असं वाटावं.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, खांदा आखडला आहे, साखरेच्या आजारात होतं असं, दुखलं तरी जपून हलवत राहा, मोकळा व्हायला वर्ष-दीड वर्षही लागेल. साडूंना ते पटेल तर ना! "दुखते त्याले आराम पायजे, हे गाढवालेही समजते," म्हणाले, आणि बायकोच्या जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात टांगला. तान्ह्या पोरासारखा निजवला त्याला. झोळी सोडली तेव्हा हात वर जाईना की पाठीमागे वळेना. शर्टाची बाही बायकोने चढवायची, आणि भांग पाडायचा तर कंगवा तिथंच ठेवून डोकंच त्याच्याकडे न्यायचं. मी चौथी नापास, पण न फिरवलेला रहाट गंजतो एवढं मले कळते. तसं बोललो तर म्हणाले, "साडभाऊ, तुमचं शिक्षण किती?"

"तुमचा हात जाते त्याच्या वरच गेलं होतं," मी म्हटलं.

त्यात त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. लेकीची एकुलती एक पोट्टी, हिंदीतच बोलणारी. "नानाजी, रहने दो ना, कोई और पकड़ लेगा," ती म्हणाली. "हव, आणि मी काय पंगतीत वाढू?" साडू कडाडले. मग घाई सुटली. पुरानी बस्तीतल्या एका हाड बसवणाऱ्याकडून हात उपटून घेतला आणि पुढचे कितीतरी दिवस कण्हत बसले. शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे गेले. ती म्हणे, "अंकल, झटका नहीं, रोज थोड़ा-थोड़ा." शेक घ्यायचा, वाकून हात लोंबता झुलवायचा, बोटं भिंतीवर खारीसारखी चढवायची. साडूंनी सगळं केलं, पण भिंतीला शिव्या देऊन. "ठेकेदारानं भिंतच तिरपी बांधली, हात जाईल कसा?"

लग्नात दुसरं टोक माझ्याकडे आलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि साडूंचा हात छातीपाशी अडला. कापड माझ्याकडून त्यांच्याकडे घसरगुंडीसारखं उतरलं.

"डाव्या हातानं धरा," मी पुटपुटलो.

"शुभकार्यात डावा? तुम्हीच तुमचं टोक खाली घ्या."

"काहून? तुमचं वर घ्या."

 कापड तसूभरही वर आलं नाही, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता, ओठ दाताखाली होता. जन्मात त्यांच्यापुढे मी काही खाली घेतलं नव्हतं. ते टोक घेतलं.

आता नवरा-नवरी अंतरपाटाच्या वरून सरळ एकमेकांसमोर. बायका पदराआड हसायला लागल्या. पोट्टीने एकदा आजोबांच्या हाताकडे पाहिलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. तिचं पाहून नवऱ्यानेही मिटले. शेवटच्या सावधानापर्यंत दोघांनी उघडले नाहीत.

परवा साडू ब्राह्मणपाऱ्यात आमच्या घरी आले. पायऱ्या चढून दम लागला होता, तरी बसायच्या आधी उजवा हात कानाच्या वर नेऊन दाखवला. "पाहा."

"पाहिला," मी म्हटलं.

आमच्या दोन्ही घरांत आता लग्नाचं कोणी उरलेलं नाही. ते दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी हात लगेच खाली घेतला नाही, आणि मीही बसा म्हटलं नाही.