मुकुटबनला उघडलेलं चाक

आर्णीच्या एका मिस्त्रीने मला फसवलं. माझ्या जुन्या ट्रकचा पुढचा ॲक्सल वाकडा झालाय, ड्रायव्हरने कुठेतरी ठोकला आणि ते लपवलं, असं त्याने सांगितलं. मी ते खरं मानलं. अठरा वर्षं माझी गाडी चालवणाऱ्या मारोतीला मी स्टँडवरच्या चहाच्या टपरीसमोर, दहा माणसांत खोटारडा म्हणालो आणि काढून टाकलं. याला तीन वर्षं झाली. परवा तो ट्रक भंगारात द्यायला निघालो होतो, पण भंगारवाल्यापर्यंत पोहोचलोच नाही.

राजूरकडच्या भंगारवाल्याशी फोनवर तीन दिवस घासाघीस चालली होती. तो वजनाने मागत होता, मी नगाने देत होतो. शेवटी गाडी मीच आणून द्यायची, या अटीवर जमलं. दसरा होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळी सहाला मी स्वतःच स्टेअरिंगवर बसलो. घरी सांगितलं की ड्रायव्हरची मजुरी वाचते. खरं म्हणजे शेवटच्या फेरीला दुसरं कोणी नको होतं.

कारण हा ट्रक माझा असण्याआधीपासून मी त्याला ओळखतो. तरुणपणी मी जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या गिरणीत) हमाल होतो. कापसाच्या गाठी याच गाडीवर चढवायचो. मागच्या फाळक्यावर माझ्या खांद्याने घासून एक जागा गुळगुळीत झालेली आहे. सहा वर्षांनी मूळ मालक विकायला निघाला, तेव्हा मी त्याच फाळक्याला टेकून भाव केला. पहिल्या दिवशी मारोती किल्ली हातात घेऊन म्हणाला होता, "मालक, आता गाठी चढवाले कोण?" आणि आम्ही दोघांनीच चढवल्या.

गाडीचं दुखणं असं होतं: पस्तीसच्या वेगापर्यंत ती शहाण्यासारखी चालायची. चाळीसला स्टेअरिंग थरथरायचं. पंचेचाळीसला सगळं तोंडच डावी-उजवीकडे डोलायला लागायचं. ॲक्सल वाकडा म्हटल्यावर खर्च कोण करणार? तीन वर्षं मी तिच्यावर गावातल्या गावात विटा वाहिल्या.

आर्णी सोडली तेव्हा धुकं वर उठत होतं. घाटंजीच्या अलीकडे एक लांब उतार आहे. जुन्या सवयीने पाय सैल सोडला आणि वेग कधी वाढला ते कळलंच नाही. स्टेअरिंगने हाताला असा झटका दिला की समोर ठेवलेला जेवणाचा डबा उडाला. लोणच्याचं सगळं तेल पांढऱ्या पायजम्यावर सांडलं. तशाच अवतारात घाटंजीला उतरलो आणि तर्रीपोहे (पोह्यांवर चण्याचा तिखट रस्सा) मागवले. टपरीवाला माझ्याकडे वरून खालपर्यंत बघत म्हणाला, "काका, तर्री तर अजून देल्लीच नाही, मंग सांडली काहून?"

मी त्याला रागाने काहीतरी बोललो. त्याने शांतपणे तर्रीचा आणखी एक डाव वाढला.

घाटंजीनंतर सागाचं जंगल सुरू होतं. पानं अजून हिरवी होती, कडा मात्र तांबूस होऊ लागल्या होत्या. मधल्या वावरांत (शेतांत) कापूस फुटला होता आणि कमरेला ओटी बांधलेल्या बाया तो वेचत होत्या. तुरीला पिवळा फुलोरा आला होता. या रस्त्यावर मारोतीची एक सवय होती. केबिनमध्ये इंजिनावरच्या झाकणावर तो चहाचा भरलेला ग्लास ठेवायचा. पुढच्या गावापर्यंत सांडला नाही तर म्हणायचा, "गाडी खुश हाय." कुठल्या पुलावर खड्डा आहे, कुठल्या वळणावर गुरं बसतात, सगळं त्याच्या हातांना पाठ होतं. तीसच्या वेगाने जाताना हे सगळं आठवायला मला भरपूर वेळ मिळाला. एसटी, टेम्पो, मोटारसायकली, सगळे हॉर्न वाजवत पुढे गेले.

पांढरकवड्याला हवा भरायला थांबलो. पंक्चरच्या दुकानातला माणूस माझ्याच वयाचा होता. मी उतरायच्या आतच तो डाव्या पुढच्या चाकापाशी येऊन बसला.

"भाऊ, हे चाक डोलून राह्यलं न? मी लांबूनच पाह्यलं."

"ॲक्सल वाकडा हाय," मी म्हणालो. "भंगारात चालली."

त्याने टायरवरून तळहात फिरवला, आतून बाहेर आणि बाहेरून आत. "कोणं सांगतलं?"

"आर्णीच्या मिस्त्रीनं."

"ॲक्सल वाकडा राह्यला असता तर टायर एकाच अंगानं खाल्ला असता. हे पाहा, भाकरीवानी सारखं झिजलं. त्यानं चाक खोललं होतं काय?"

मिस्त्रीने चाक उघडलं नव्हतं. दुकानासमोर गाडी एकदा पुढे-मागे करायला लावली, ड्रायव्हर कुठे गेला होता ते विचारलं आणि बसल्या जागेवरून निकाल दिला.

"खोलून पाहू?" पंक्चरवाला म्हणाला.

"किती घेशीन?"

त्याने सांगितलं. मी निम्मे म्हणालो. तो हसला आणि पाना परत खोक्यात टाकला. "भंगारच्या गाडीचाबी भाव करता तुमी. राहू द्या. हवेचेबी देऊ नका. पण ज्यानं गाडी चालवली त्याले इचारा. चालवणाऱ्याच्या हाताले मालूम राह्यते."

पुढे गेलो, पण त्याचं वाक्य कानातून जाईना. काढून टाकलं त्या दिवशी मारोती म्हणाला होता, "मालक, वणीले पंक्चर काढलं ना, तवापासून हालून राह्यली. मी कुठंच ठोकली नाही." मी त्याला पुढे बोलूच दिलं नव्हतं. राजूरला जाणाऱ्या वणीच्या रस्त्याला न लागता मी झरीच्या रस्त्याने मुकुटबनकडे गाडी वळवली. मारोतीचं गाव तेच. राग तर आलाच होता. कोणाचा, ते मात्र ठरत नव्हतं.

मुकुटबनला घर विचारावं लागलं नाही. गाडी गल्लीत शिरली तसा मारोती दारातून बाहेर येऊन उभा राहिला. केस सगळे पांढरे झालेले.

"आवाज वळखला," एवढंच तो म्हणाला. मग आत वळून ओरडला, "मालक आले व, पाणी आन."

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यापासून दोन हात दूर जमिनीवर ठेवून म्हणाली, "आता कोणतं नाव ठेवाले आलात?"

"तू चूप बस," मारोती म्हणाला.

"मी कायले चूप बसू? तीन वर्सं झाले, कोणी गाडी देत नाही हातात. ठोकून लपवते म्हनतेत. डायवर माणूस, आन दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जाते."

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, दुसरी गाडी मिळाली असेल. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "मारोती, एकदा चाक पाह्यतं काय?"

त्याने केबिनमधून जॅक काढला.

आधी त्याने डावं चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं, मग आडवं हलवलं. "बेअरिंग बराबर हाय. किंगपिन (चाक वळतं तो खिळा) बराबर हाय." मग चाकाजवळ एक वीट उभी केली, तिच्या छिद्रात पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) वाळकी काडी खोचली आणि तिचं टोक रिमपासून बोटभर अंतरावर आणलं. "आता पाहा." त्याने चाक हाताने फिरवलं. काडी आणि रिममधलं अंतर कमी झालं, वाढलं, पुन्हा कमी झालं. एका जागी रिम काडीला घासून गेली.

"ॲक्सल सरळ हाय मालक. चाकच वाकडं बसलं."

नट काढून त्याने चाक खाली उतरवलं आणि उलटं केलं. रिम जिथे ॲक्सलच्या टोकाच्या हबला टेकते ती बाजू मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तिच्यावर जाड रंग होता. अर्ध्या भागातला खपला उडून लोखंड दिसत होतं, उरलेल्या अर्ध्यात रंग तसाच. वणीला पंक्चर काढताना तो खपला निघाला असणार. तेव्हापासून चाक एका बाजूने रंगावर आणि दुसऱ्या बाजूने लोखंडावर बसत होतं.

मारोतीने पटाशी घेतली आणि खरवडायला सुरुवात केली. वरचा थर भगवा निघाला. त्याखाली निळा. त्याखाली हिरवा, माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वर्षाचा. मग पिवळा, त्या साली इतका कापूस होता की आम्ही दिवाळीतही गाडीतच जेवलो होतो. त्याखाली पांढरा.

"हा कोणत्या सालचा?" मी विचारलं.

"तुमी पेंटरसंग भांडलते, तवाचा. तो रागानं डबा फेकून निंगून गेला. तोच लावला."

दर दसऱ्याला मी गाडी रंगवून घ्यायचो. दरवर्षी पेंटरशी भाव करायचो आणि दरवर्षी इतका पाडायचो की तो म्हणायचा, या पैशात चाकं नाही रंगवणार. मग उरलेला रंग मी मारोतीला द्यायचो. पूजेला गाडी झळकली पाहिजे, म्हणून तो चाकं उतरवून आतून-बाहेरून, सगळीकडून रंगवायचा. आमच्याकडे कोणीही असंच करतं. चाकाची टेकायची जागा कोरी सोडायची असते, हे आम्हाला कोण सांगणार?

सर्वांत खाली लाल निघाला. पहिल्या दसऱ्याचा. मारोती थांबला.

"हात माहाच हाय मालक. फासला मीच."

"रंग म्या देल्ला," मी म्हणालो.

त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. पहिल्यांदाच ती हसली. "दोघं मिळून गाडी सजवली," म्हणाली, आणि आत भाकरी टाकायला गेली.

दोन्ही पुढची चाकं खरवडून, हब पुसून, मारोतीने समोरासमोरचे नट आवळत ती सरळ बसवली. तोवर ऊन कलतं झालं होतं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची गरम भाकर खाऊन आम्ही गाडी रस्त्यावर काढली. मारोती स्टेअरिंगवर, मी बाजूला. निघताना त्याने झाकणावर चहाचा भरलेला ग्लास ठेवला. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. चहाच्या कडेला बारीक लहर उठत होती, पण थेंब सांडला नाही. गाडी खुश हाय, असं तो म्हणेल याची मी वाट पाहिली. तो म्हणाला नाही.

परतल्यावर मी म्हणालो, "भंगारवाल्याले नाही म्हणून सांगतो. तू उद्यापासून कामावर ये. पगार वाढवून देतो. बोल, किती?"

"भाव करू नका मालक."

"भाव कुठं करून राह्यलो? तू सांगशीन तेवढा."

"गाडी सरळ झाली. माह्यं काय?" त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमी मले टपरीवर खोटा म्हनलं. दहा लोकायसमोर. थे तिथंच परत घ्या. मंग मी स्टेअरिंगले हात लावतो."

मी गरम डोक्याचा माणूस आहे. माघार घेणं मला कधी जमलेलं नाही, बाजारात तर नाहीच. पण इथे कमी करून मागता येईल असं काही नव्हतं. मी हो म्हणालो.

रात्री त्याच्याकडेच राहून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडी मीच चालवली, कारण त्याची अट होती. तो शेजारी बसून कुठल्या पुलावर खड्डा आहे ते सांगत राहिला, आणि तीन वर्षांत एकही खड्डा हलला नव्हता. सागाच्या जंगलात पन्नासने जाताना मला वाटलं, मीही गाडीसारखाच चाललो होतो. वरून दरवर्षी नवा रंग देत गेलो, आणि आतून कुठे टेकलोय ते कधी उघडून पाहिलं नाही.

आर्णीला स्टँडवर दुपारची गर्दी होती. मी गाडी टपरीसमोर लावली, उतरलो आणि मोठ्याने सांगितलं, "या माणसानं माझी गाडी कधीच ठोकली नाही. तो खरं बोलत होता, मी चुकलो." टपरीवाल्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मारोतीने मान खाली घातली, मग वर केली, आणि हात पुढे करून माझ्याकडून किल्ली मागितली.

समोरच्या गॅरेजच्या दारात मिस्त्री उभा होता. त्याने ऐकलं आणि आत निघून गेला.

मिस्त्री, तुमचं गॅरेज त्या टपरीपासून वीस पावलांवर आहे. मारोती आता रोज सकाळी आठला तिथे चहा घेतो. माझ्या वाट्याचं मी बोललो. चाक न उघडता तुम्हाला ॲक्सल वाकडा दिसला कसा, आणि एका माणसाच्या हातातलं स्टेअरिंग तीन वर्षं गेलं त्याचं काय, हे त्या टपरीसमोर, त्याच्या तोंडावर येऊन सांगा.