आमचे दुभाषी

ते माझ्या तोंडून चुकून गेलं नव्हतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दरवर्षी चर्चच्या सणाआधी फादरांपुढे गुडघे टेकून पापं सांगतो. राग सांगतो, दारू सांगतो. हे मात्र गिळून उठतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अहेरीकडच्या जंगलपट्ट्यात आमचं चर्च होतं आणि मी तिथल्या मिशनच्या शाळेत शिक्षक. सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, झाली की दुपारी मांडवात कार्यक्रम व्हायचा. समोरच्या बाकांवर शाळा-दवाखान्यातली मराठी बोलणारी माणसं, मागे चटयांवर पायी आलेली गावं. त्या गावांना गोंडीच कळायची. म्हणून त्या वर्षी फादरांनी सूत्रसंचालक दोन नेमले. मराठीसाठी आमच्याच शाळेतल्या एक बाई. गोंडीसाठी नदीपलीकडच्या गावचा एक तरुण, मिशनच्या वसतिगृहात राहून शिकलेला, आता रविवारी गावोगाव प्रार्थना घेणारा. त्या दोघांची ओळख करून देणं माझ्याकडे आलं. चार वाक्यांचं काम.

पण मी नागभीडचा, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांतून कामं केलेला. अख्खा मांडव हसला की अंगात काय चढतं ते मला ठाऊक होतं, आणि मास्तरकीत ते कधी मिळत नव्हतं.

आदल्या दिवशी पताका लावताना मी त्याला विचारलं, "तुझ्याबद्दल काय बोलू बे?"

"काई नोका बोलू, भाऊ. गोंडी बोलते म्हना, झालं."

"एवढीशीच? बाईची ओळख मोठी, तुझी शेपटीएवढी."

तो हसला. शिडी धरून उभा होता, तसाच मग हळूच बोलू लागला. त्याच्या गावच्या एका म्हाताऱ्याला ठाण्यात बसवून ठेवलं होतं. म्हाताऱ्याला मराठी येईना, साहेबांना गोंडी. यानं जाऊन इकडचं तिकडे सांगितलं आणि म्हातारा सुटला. तेव्हापासून ठाण्यातून निरोप येऊ लागले. एकदा-दोनदा जावं लागलं, मग अंगात ताप आहे सांगून तो टाळू लागला.

"ठान्याचा दुभाषी म्हनलं का मांगं खबऱ्या लागते," तो म्हणाला. "तुमाले सांगून राह्यलो, भाऊ. कोनाले बोलू नोका."

"मी काऊन बोलू?" मी म्हणालो.

खबऱ्या ठरलेल्याचं काय होतं, ते तिकडे कोणी मोठ्यानं बोलत नसे. जंगलातून येणाऱ्या बंदूकवाल्यांना गावं 'दादालोक' म्हणत. सणाच्या गर्दीत पार मागे कोण उभं आहे, हे कोणी वळून पाहत नसे.

दुसऱ्या दिवशी मी माईक हातात घेतला. बाईंबद्दल म्हणालो, "या मराठीत बोलतील, आणि गडबड केली तर रागावतीलही मराठीतच." मांडव हसला. बाईंनी पदर तोंडाला लावला. मला तसाच आणखी एक हशा हवा होता. त्या तरुणासाठी साधं वाक्य ठरवलेलं होतं, ते जिभेवर आलंही होतं. मी ते बाजूला सारलं. आदल्या दिवशीचा त्याचा शब्द न् शब्द आठवत असताना सारलं.

"आणि हे आमचे दुभाषी. यांच्यावाचून चर्चचंच काय, ठाण्याचंही पान हलत नाही."

समोरचे बाक हसले. मागच्या चटया गप्प झाल्या. मराठी न येणाऱ्यांनाही 'दुभाषी' आणि 'ठाणं' हे शब्द कळतात.

मराठीत झालेलं लगेच गोंडीत सांगायचं, असं ठरलेलं होतं. म्हणजे माझं हे वाक्यही त्यालाच सांगायचं होतं. माईक घेताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "जोहार," म्हणाला. पुढे गोंडीत काय बोलला ते मला नंतर कळलं. आपल्या गावाचं नाव, आईचं नाव, आणि सगळे आले म्हणून आभार. बस. तेवढ्यात चटईवरून त्याची आई उठली आणि चपला न शोधता मांडवाबाहेर गेली. त्यानं ते पाहिलं. कार्यक्रम संपेपर्यंत त्याचा आवाज हलला नाही. फक्त माईकची वायर तो मनगटाला गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता.

जेवणं वाढताना बाईंनी मला गाठलं. त्या त्याच भागातल्या. "सर, तो ठान्यात जाते हे तुमाले कोनी सांगतलं?"

"कोणी नाही. गमतीनं बोललो. मला काय माहीत?"

तो भाताचं टोपलं घेऊन माझ्या पाठीशीच उभा होता. बाई त्याच्याकडे पाहू लागल्या.

"हो बाई," तो म्हणाला. "सरांले मायीत नव्हतं."

त्या घटकेपर्यंत तो मला भाऊ म्हणत असे.

त्या संध्याकाळी त्याला नदी ओलांडू दिली नाही. फादरांनी जीपमधून चंद्रपूरला पोचवलं. पुढे दोन अनोळखी माणसं त्याच्या घरी येऊन, तो कुठे आहे म्हणून आईला विचारून गेली. तो गावाकडे परतला नाही. काही वर्षांनी आई गेली, तेव्हाही त्याला येता आलं नाही. तिच्या कबरीत मूठभर माती मी टाकली, आणि लोकांना त्यात माझा चांगुलपणा दिसला.

एकदा चंद्रपूरच्या स्टँडवर भेटला. एका वसतिगृहात स्वयंपाकी होता. "कसे आहा, सर?" म्हणत त्यानं चहा पाजला, तिकडे मोहाची फुलं कशी आली ते विचारलं. मी मोहाचं सांगत बसलो. गाडी लागली, मी चढलो.

सरांची जीभ घसरली, असंच सगळे अजून म्हणतात. त्यानं ते कधी खोडून काढलं नाही. 'मला माहीत होतं,' हे मला त्याच्यासमोर आणि त्या बाईंसमोर बोलायचं आहे. ते अजून बाकी आहे.