पांघरुणाखाली लपवलेली पिशवी

"लिव्हर ॲब्सेस आहे," सोनोग्राफी करता करता डॉक्टर म्हणाले. लिव्हर ॲब्सेस म्हणजे यकृतात पू साठून झालेलं गळू. आठ दिवस ह्यांना थंडी वाजून ताप येत होता, उजव्या बरगडीखाली दुखत होतं आणि मी शहाणी घरी काढे पाजत बसले होते.

"दारू घेतात का?" डॉक्टरांनी विचारलं. माझा पाराच चढला. ह्यांनी आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नाही.

"ताई, विचारावं लागतं. या गळवाचा जंतू खराब पाण्यातूनही पोटात जातो."

तरी मला धास्ती बसली. धुळ्याजवळच्या आमच्या गावात लिव्हर म्हटलं की लोकांना फक्त दारू आठवते.

गळू मोठं होतं. फुटलं तर पू पोटभर पसरेल, म्हणून त्याच दिवशी पिगटेल कॅथेटर घातला. ही एक बारीक नळी. आत गेल्यावर तिचं टोक गोल वळतं, म्हणून ती निसटत नाही. पोट फाडावं लागत नाही. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई नेमकी गळवात नेतात आणि तिच्या वाटेने नळी सरकवतात. अर्ध्या तासात हे बाहेर आले. नळीला पिशवी होती, तिच्यात चॉकलेटी पू.

सिस्टरने बजावलं, "पिशवी कायम खाली, कॉटच्या कडेला. नळी दबू द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव भेटायला आलं. आमच्याकडे कुणी दवाखान्यात आहे म्हटलं की लोक गाड्या करून येतात, न येणं वाईट दिसतं. त्यांना पिशवी दिसेल, मग प्रश्न येतील, मग लिव्हर आलंच. मी पिशवी उचलून ह्यांच्या कुशीशी ठेवली आणि वरून चादर ओढली.

"काय व्हयनं व भाऊले?" माझ्या चुलत नणंदेने, सखूअक्कांनी आमच्या अहिराणीत विचारलं.

"पोटमा जरासं सुजेल शे," पोटात नुसती सूज असल्याचं मी ठोकून दिलं. एक गेले की दुसरे आले. संध्याकाळपर्यंत पिशवी तिथेच होती.

दिवेलागणीला ह्यांना हुडहुडी भरली. ताप सणसणून चढला, पिशवीत नवा थेंब नाही. डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली. गळू होतं तेवढंच. "नळी बंद पडलीय. मोकळी झाली नाही तर दुसरी घालू. तिनेही भागलं नाही तर ऑपरेशन."

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. कुशीखाली दुमडलेली नळी त्यांनी सरळ केली, सलाईनच्या पाण्याने हळूहळू धुतली. पू वाहू लागला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आठव्या दिवशी नळी निघाली. तुमच्या घरात कुणाला अशी नळी लागली, तर पिशवी चारचौघांत लटकू द्या. कुणी काही बोललं तर बोलू द्या. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

घरी निघताना धुळ्याच्या स्टँडवर मी ह्यांना विचारलं, "दिवसभर नळी दबलेली होती, दुखलं नाही का?"

"दुखी राहिंतं ना," हे म्हणाले. "पन तुले लाज वाटी राहिंती, म्हनीसन मी बोलनू नही."

मी ह्यांचा हात धरला आणि भर स्टँडवर रडले. बघणारे बघत होते.