ओसरीवरचा उद्योगविकास

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, ओसरीवर चादरीखाली कोण झोपलंय? कोणी नाही. तो आपल्या घरचा उद्योगविकास आहे! ही हकिगत तुमच्या वर्षाकाकूनं सांगण्याआधी मी, तुमच्या आजीनंच, सांगितलेली बरी.

काकू पापड करून विकते, हे तुम्हाला माहीत आहे. तिला सरकारी अनुदानातून पापडाचं यंत्र मिळालं. अटी मी वाचल्या (घरात इंग्रजी मलाच येतं, हे मी सर्वांना वेळोवेळी सांगत असते). त्यांत लिहिलं होतं, अनुदान खात्याचे साहेब पाहणीला येणार. नवी वस्तू पाहुण्याआधी वापरायची नाही, ही आपली रीत. मी हुकूम सोडला, “तोवर यंत्राला कोणी हात लावायचा नाही!”

यंत्र ओसरीवर आलं आणि लाटणाऱ्या बायका अंगणात गेल्या. तिथे पापडांपेक्षा धूळ जास्त. त्यात माजलगावच्या लग्नाच्या रुखवताची ऑर्डर! ती चुकली तर काकूचं गिऱ्हाईक कायमचं तुटणार.

“आक्का, मशीन सावलीत अन् आमी उन्हात कावून?” कौसाबाईनं विचारलं.

“शिस्त म्हणून.”

“मंग मशीनला शिस्त लावा की! ती तर बसूनच हाय,” शबानाबी म्हणाली.

(मी एम.ए. आहे. मी यंत्रावरचं प्लास्टिक नीट केलं.)

ऑर्डर द्यायच्या आदल्या दिवशी साहेब उगवले. “अजून प्लास्टिक काढलं नाही? उत्पादन किती वाढलं, तेच तर बघायला आलोय!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाईनं कळ दाबली. यंत्रानं एकदा गुरगुर केली आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली! त्याला थ्री-फेज, म्हणजे कारखान्याची वीजजोडणी लागते, हे तेव्हा कळलं.

“असू द्या,” साहेब म्हणाले. “फोटोपुरते हाताचे पापड ठेवा त्यात. हं! उत्पादन वाढलं म्हणायचं ना?”

“लई वाढलं, साहेब,” कौसाबाई म्हणाली. “आता एवढी ओसरी मोकळी केली, तर आणखी वाढंल!”

साहेबांनी ‘समाधानकारक’ असा शेरा मारला आणि रुखवतातलेच दोन पुडे नमुना म्हणून नेले.

काकूनं यंत्र कोपऱ्यात ढकलून त्यावर चादर टाकली, बायकांना ओसरीवर बोलावलं आणि माझ्या हातात लाटणं दिलं. “आई, आता बोलू नका. लाटा.”

ऑर्डर वेळेवर गेली. थ्री-फेज अजून आलेली नाही. काकूचा धंदा टिकून आहे, पोळपाट टिकून आहेत. मी लाटलेले पापड तिनं रुखवतात न घालता तुमच्या आजोबांना वाढले. आजोबाही टिकून आहेत.