सावकाश, ओझेला

आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपल्यावर गुदरलेलं देवापुढे सांगायला, उठलेल्या माणसाचा गळा दाटला की बाकांवरून आवाज येतो, "सावकाश." म्हणजे आवरतं घे असं नव्हे. हवा तेवढा वेळ घे, आम्ही बसलोय. मिसिसिपीत काळ्या माणसाला एवढा वेळ दुसरं कुणी देत नाही.

ओझेला प्रुइट तिथे दारावर असायची. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. आलेल्याला जागा दाखवायची, रडणाऱ्या बाईला वारा घालायचा. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची. जिभेने फटकळ. मला उशीर झाला की म्हणायची, "या महाराणी, देव तुमच्यासाठीच खोळंबलाय." तिचा धाकटा भाऊ लेम्युएल ऑर्गन वाजवायचा. साक्षीच्या वेळी तो हळूच खालचा सूर धरायचा, म्हणून अबोल माणसंही बोलून जायची.

गेल्या हिवाळ्यात एका गोऱ्या पोलिसाने त्याची गाडी अडवली, त्याला रस्त्यावर पालथं पाडलं आणि त्याच्या उजव्या हातावर बूट ठेवून उभा राहिला. बोटं मोडली. चौकशीत काय निघालं, तर म्हणे पोलिसाचा पाय घसरला. तेव्हापासून लेम्युएल बहिणीला रविवारी सोडायचा आणि बाहेर गाडीतच बसून राहायचा. हा आत कधी येणार, एवढा एकच घोर ओझेलाला लागला होता.

अशात आमच्या नव्या पास्टरना समेटाचा रविवार सुचला. पहिल्या बाकावर पोलीसप्रमुख, बाजूला कॅमेरे, आणि ओझेलाने सगळ्यांदेखत म्हणायचं, 'क्षमा केली.' मार आम्हीच खायचा, आणि मारणाऱ्याला हलकं वाटावं म्हणून क्षमाही आम्हीच ताटात वाढायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दोनच शब्द, सिस्टर," पास्टर म्हणाले. "क्षमेने जखम भरते."

"कुणाची?" ओझेलाने विचारलं.

ते खिडक्या उघडायला निघून गेले.

त्या रविवारी ती हातमोजे काढून पुढे उभी राहिली. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"सावकाश, बाई," बाकांवरून आलं. "सावकाश."

पोलीसप्रमुखाला वाटलं, आम्ही तिला आवरतोय. तो खूश होऊन मान डोलवू लागला.

"रोज सकाळी मी भावाच्या शर्टाची बटणं लावते," ओझेला म्हणाली. "तो तोंड फिरवून उभा राहतो. लाज वाटते त्याला. ज्याला वाटायला हवी त्याची नोकरी शाबूत आहे. क्षमा मागायला कुणी आलंच नाही, मग देऊ कुणाला? मला राग येतो. तो इथे आणलाय, कारण दुसरीकडे न्यायला जागा नाही."

"सावकाश," आम्ही सगळे म्हणालो. आता मोठ्याने.

पोलीसप्रमुखाची मान डोलायची थांबली. पास्टर घाईने उठले. "सिस्टरना असं म्हणायचंय की..."

"सिस्टरला बोलता येतं," मी म्हणाले. "बसा तुम्ही."

पोलीसप्रमुख टोपी उचलून दाराकडे निघाला. दार बाहेरून उघडलं. लेम्युएलने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. पोलीसप्रमुखाला बाजूला व्हावं लागलं. लेम्युएल त्याच्याकडे न बघता ऑर्गनपाशी जाऊन बसला आणि डावा हात पट्ट्यांवर ठेवला.

"सावकाश, ताई," तो म्हणाला. "मी सूर धरतो."

मग ओझेलाने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.