दिवाळीपर्यंतचा शब्द

एम.ए.च्या वर्गात पतधोरणावरचं एक संशोधन वाचलं आणि मला आईचा बचत गट आठवला. हे सरांना सांगावं की नाही, याचा मी बराच वेळ विचार करत बसले. व्याजदर आज किती आहे यापेक्षा तो पुढे किती राहील यावर लोकांचा विश्वास बसणं जास्त महत्त्वाचं, असं त्यात होतं. शेवटी सांगितलं. सर हसले. "हे मध्यवर्ती बँकेसाठी आहे. तुमच्या जवळा बाजारच्या बायकांसाठी नाही."

मला ते पटलं नाही. आमच्या गटात पेरणी आली की दर वाढायचा. म्हणून गरज नसतानाही बाया उन्हाळ्यातच कर्ज उचलून पैसे डब्यात ठेवायच्या, आणि ऐन पेरणीत खरी नड असणारीला काहीच उरायचं नाही. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गटाच्या बैठकीला गेले. तिथे म्हणाले, दिवाळीपर्यंत दर वाढणार नाही, असं आत्ताच सांगून टाका. कुरकुरत का होईना, ठरलं. त्या उन्हाळ्यात उगाच उचल कोणी केली नाही.

पेरणी तोंडावर आली आणि बैठकीत गटाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "आता समद्यांना पैसे पायजेत. दर वाढवू. दिवाळीला व्याजाचे पैसे वाटायला जास्त येतील."

गटातलीच, शेळ्या राखणारी एक मावशी बियाण्यासाठी पैसे मागायला आली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, तू म्हणलीस म्हून थांबले मी."

मी काकूंकडे वळले. "काकू, दर वाढवायचा न्हाई."

"तू मेंबर हायेस का? कॉलेजात जाऊन आमालाच शिकवून राहिली!"

"मेंबर न्हाई. पण शब्द तुमी दिलाय."

"बरं बाई, मावशीला जुन्या दरानं देऊ. झालं समाधान?"

हो म्हणणं सोपं होतं. मावशीही तेवढ्यावर खूश झाली असती.

"न्हाई काकू. शब्द समद्यांना दिलाय. आज मोडला तर पुढच्या उन्हाळ्यात कोणीच थांबणार न्हाई."

गटाची सचिव माझी आई. तिने माझ्याकडे न बघताच हात वर केला. "जुनाच दर." मग मावशीचा हात वर झाला, मग एकेक करत बाकीच्यांचे.

काकू उठता उठता म्हणाल्या, "दिवाळीला कमी आले, तर समद्याजणी तुझ्या दारात येऊ."

"या," मी म्हणाले.